विश्लेषण: बेंचवरचा खेळाडू कॉलेज सोडतो, तेव्हा चाहते एवढे का भांडतात?

दर वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम संपतो आणि लगेच दुसरा हंगाम सुरू होतो. कोण कॉलेज सोडतंय आणि कोण येतंय, याच्या बातम्यांचा.

स्टार खेळाडू गेला तर चाहते हळहळतात, पण कारण त्यांना कळतं. मोठं कॉलेज, जास्त पैसा. खरं भांडण जुंपतं ते वेगळ्याच खेळाडूवरून. तो वर्षानुवर्षं सरावाला सगळ्यात आधी येतो. सामन्यात दहा-पंधरा मिनिटं मिळाली तरी चेंडूसाठी जमिनीवर झेप घेतो. आणि एक दिवस तोच म्हणतो, मी चाललो.

मग एक गट म्हणतो, "कॉलेजने घडवलं आणि गरज होती तेव्हा निघून गेला." दुसरा गट म्हणतो, "बरंच केलं. इथे त्याला खेळवत कोण होतं?"

यात बरोबर कोण? त्यासाठी आधी एक खरं उदाहरण बघू.

पर्ड्यूमध्ये काय झालं होतं?

इंडियाना राज्यात बास्केटबॉलचं वेड प्रचंड आहे. तिथल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संघाला मार्च २०२३ मध्ये मोठा धक्का बसला. राष्ट्रीय स्पर्धेत अव्वल मानांकन असूनही हा संघ पहिल्याच सामन्यात १६व्या मानांकित फेअरली डिकिन्सनकडून ६३-५८ असा हरला. पुरुषांच्या स्पर्धेत अव्वल मानांकित संघ १६व्या मानांकिताकडून हरण्याची ही इतिहासातली फक्त दुसरी वेळ होती.

त्या हंगामात बहुतेक सामन्यांत सुरुवातीच्या पाच जणांत इथन मॉर्टन आणि मेसन गिलिस असायचे. पुढच्या हंगामात चित्र बदललं. सदर्न इलिनॉय विद्यापीठातून लान्स जोन्स हा अनुभवी गार्ड ट्रान्सफर होऊन आला. संघातच तयार होत असलेला ट्रे कॉफमन-रेन पुढे आला. मॉर्टन आणि गिलिस बेंचवर गेले.

प्रशिक्षक मॅट पेंटर यांचा निर्णय चुकला असं कोणी म्हणू शकत नाही. पर्ड्यूने १९८० नंतर पहिल्यांदा अंतिम चार संघांत धडक मारली. ८ एप्रिल २०२४ ला अंतिम सामन्यात ते कनेक्टिकटकडून ७५-६० असे हरले, पण तिथवर पोहोचले.

गिलिसने बेंचवरूनही कसर सोडली नाही. सामन्यामागे वीसेक मिनिटं खेळून त्याने बिग टेन या गटातल्या सर्वोत्तम राखीव खेळाडूचा पुरस्कार मिळवला. तिथे त्याला 'सिक्स्थ मॅन' म्हणतात, म्हणजे पाच जणांनंतर उतरणारा सहावा.

कोविडमुळे मिळालेलं खेळाचं एक जादा वर्ष दोघांच्याही हातात होतं. ते दोघांनीही पर्ड्यूत घालवलं नाही. मॉर्टन कोलोराडो स्टेटला गेला आणि गिलिस ड्यूकला.

पण बेंचवर बसायला एवढी अडचण काय?

इथे साधं गणित आहे. पुरुषांचा कॉलेज सामना ४० मिनिटांचा असतो. मैदानावर एका वेळी पाच जण. म्हणजे प्रशिक्षकाकडे वाटायला एकूण २०० मिनिटं असतात.

पहिल्या पाच जणांना सरासरी ३० मिनिटं दिली की १५० संपली. उरली ५०. ती तीन राखीव खेळाडूंत वाटली तर प्रत्येकाला सोळा-सतरा मिनिटं येतात आणि बाकीच्यांच्या वाट्याला काहीच उरत नाही.

संघात मात्र पूर्ण शिष्यवृत्तीवर १३ खेळाडू ठेवता यायचे. त्याशिवाय शिष्यवृत्ती नसलेले, स्वतःच्या खर्चाने शिकून संघात आलेले काही जण असायचे. २०२५-२६ पासून नव्या व्यवस्थेत आलेल्या कॉलेजांसाठी संघाची कमाल मर्यादा १५ आहे. कसंही मोजा, निम्मा संघ बसूनच सामना बघतो.

क्रिकेटमध्ये बारावा खेळाडूही पुढे कुठल्या ना कुठल्या संघातून खेळत राहू शकतो. अमेरिकेत कॉलेजकडून खेळायची वर्षं मोजकी आहेत. नेहमीच्या नियमानुसार पाच वर्षांत चार हंगाम. बेंचवर गेलेला हंगाम परत मिळत नाही.

आधी कॉलेज बदलता येत नव्हतं का?

येत होतं, पण किंमत मोजावी लागायची.

कॉलेज खेळांचा कारभार एनसीएए ही संस्था बघते. २०१८ पर्यंत दुसऱ्या कॉलेजशी बोलण्याआधी खेळाडूला आपल्याच कॉलेजची परवानगी लागायची. आपल्याकडचं 'ना हरकत' समजा. अमुक कॉलेजला जायचं नाही, अशी आडकाठीही कॉलेज करू शकायचं. शिवाय बास्केटबॉलसारख्या खेळात नव्या कॉलेजला गेल्यावर एक पूर्ण हंगाम बाहेर बसावं लागायचं.

डेव्हियन मिचेलचं उदाहरण घ्या. २०१७-१८ मध्ये तो ऑबर्न विद्यापीठात नवखा राखीव गार्ड होता. सरासरी चार गुणही नव्हते. तो बेलर विद्यापीठात गेला आणि नियमाप्रमाणे २०१८-१९ चा हंगाम बाहेर बसला. गंमत म्हणजे त्याच हंगामात ऑबर्न अंतिम चारमध्ये पोहोचलं. तेव्हा कोणीही म्हणालं असतं की पोराने घाई केली.

पण २०२१ मध्ये बेलरने तोवर अपराजित असलेल्या गोंझागाला ८६-७० असं हरवून विजेतेपद मिळवलं. मिचेल त्या संघाचा कणा होता. देशातला सर्वोत्तम बचावपटू म्हणून त्याला नेस्मिथ पुरस्कार मिळाला आणि एनबीएच्या निवडीत तो नवव्या क्रमांकावर गेला.

मग नियम बदलले कधी?

टप्प्याटप्प्याने बदलले.

• ऑक्टोबर २०१८: 'ट्रान्सफर पोर्टल' सुरू झालं. खेळाडूने आता परवानगी मागायची नाही, फक्त कळवायचं. कॉलेजने दोन कामकाजी दिवसांत त्याचं नाव यादीत टाकायचं. मग इतर कॉलेज त्याच्याशी बोलू शकतात.

• एप्रिल २०२१: पहिल्या ट्रान्सफरसाठी बाहेर बसण्याची अट गेली.

• जुलै २०२१: स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून जाहिरातींतून पैसे कमवायची मुभा मिळाली.

• डिसेंबर २०२३: काही राज्यांनी खटला भरला. दुसऱ्यांदा कॉलेज बदलणाऱ्यांना बाहेर बसवण्याच्या नियमाला वेस्ट व्हर्जिनियातल्या फेडरल कोर्टाने स्थगिती दिली. एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएनेच नियम बदलला. अभ्यासाच्या अटी पूर्ण केल्या, तर कितीही वेळा कॉलेज बदला आणि लगेच खेळा.

• जून २०२५: 'हाउस' खटल्यातली तडजोड कोर्टाने मंजूर केली. आता कॉलेज खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं. पहिल्या वर्षाची मर्यादा एका कॉलेजच्या सगळ्या खेळांसाठी मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर.

म्हणजे राखीव खेळाडूचं भलंच झालं की?

अर्धवट. चाहत्यांच्या भांडणात नेमका हाच भाग सुटतो.

दार उघडलं ते बाहेर जाणाऱ्यासाठी, तसंच आत येणाऱ्यासाठीही. पूर्वी कॉलेज संघात न लिहिलेली एक शिडी होती. पहिल्या वर्षी बसा आणि शिका. दुसऱ्या वर्षी थोडं खेळा. सिनियर खेळाडू पदवी घेऊन गेले की तिसऱ्या वर्षी जागा तुमची. या शिडीवर भरवसा ठेवून पोरं बेंचवर थांबायची.

आता सिनियर गेल्यावर प्रशिक्षक मागे वळून बेंचकडे बघेलच असं नाही. तो पोर्टल उघडतो. तिथे दुसऱ्या कॉलेजात सिद्ध झालेला, बावीस-तेवीस वर्षांचा तयार खेळाडू मिळतो. २०२५ मध्ये विजेतेपद मिळवणाऱ्या फ्लोरिडाचे तिन्ही प्रमुख गार्ड ट्रान्सफर होऊन आलेले होते. वॉल्टर क्लेटन आयोनातून, अलाइजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकमधून आणि विल रिचर्ड बेल्मॉन्टमधून. क्लेटन तर अंतिम चारमधला सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

फ्लोरिडाच्या चाहत्यांनी यात काही वावगं मानायचं कारण नाही. पण अशा कुठल्याही संघात दोन वर्षं रांगेत उभ्या असलेल्या पोराला त्यातून काय कळतं? रांगेत उभं राहिलं म्हणजे नंबर लागेलच असं आता कोणी कबूल करत नाही.

जाण्यातही जोखीम आहे. पोर्टलमध्ये नाव टाकलं की चालू सत्र संपल्यावर शिष्यवृत्ती थांबवायचा अधिकार जुन्या कॉलेजला मिळतो. २०२५ च्या वसंतात पुरुष बास्केटबॉलच्या सर्वोच्च विभागातून दोन हजारांहून अधिक खेळाडूंनी नावं टाकली होती. या विभागात कॉलेज आहेत साडेतीनशेच्या वर. नाव टाकणाऱ्या प्रत्येकाला नवी जागा मिळत नाही. काही जण खालच्या विभागात जातात आणि काहींचा खेळ तिथेच संपतो. कॉलेज बदलताना आधी पूर्ण केलेले सगळे विषय नव्या ठिकाणी मोजले जातीलच, याचीही खात्री नसते.

स्टारसाठी पोर्टल म्हणजे बाजार. तिथे त्याला चार कॉलेज बोलावतात. राखीव खेळाडूकडे दाखवायला आकडेच कमी असतात, कारण त्याला मिनिटंच कमी मिळालेली असतात. मेहनत आकड्यांत दिसत नाही. ती दिसते रोज सराव बघणाऱ्या प्रशिक्षकाला आणि वर्षानुवर्षं सामने बघणाऱ्या चाहत्याला. नव्या ठिकाणी या दोघांपैकी कोणीच सोबत नसतं.

मग चाहत्यांचा राग चुकीचा आहे?

तसंही नाही. रागामागे खरं काहीतरी आहे.

कॉलेज संघ आणि व्यावसायिक संघ यांत चाहत्यांसाठी मोठा फरक होता. इथे अठरा वर्षांचा मुलगा येताना दिसायचा आणि बावीसाव्या वर्षी घडून जाताना दिसायचा. पहिल्या वर्षी चेंडू हातातून निसटणारा पोरगा शेवटच्या वर्षी निर्णायक बास्केट टाकतो, हे बघण्यासाठी लोक पैसे आणि संध्याकाळी खर्च करतात. दर उन्हाळ्यात अर्धा संघ बदलला तर ही गोष्टच उरत नाही. राखीव खेळाडू गेल्यावर जास्त लागतं, कारण त्याचं सर्वोत्तम वर्ष अजून यायचं होतं. ते आता दुसऱ्याच कोणाला बघायला मिळणार.

संघाचंही नुकसान होतं. सरावात मुख्य पाच जणांना रोज झुंजवणारा, कोणी जायबंदी झालं तर लगेच उतरणारा खेळाडू पोर्टलमधून सहज मिळत नाही. जो येतो त्याला आधी संघाच्या चाली शिकाव्या लागतात.

मग निष्ठा कोणी कोणाला दाखवायची?

इथे मात्र हिशेब दोन्ही बाजूंनी करावा लागतो.

१९७३ पासून अनेक दशकं खेळाडूची शिष्यवृत्ती एका वर्षाची असायची आणि दर वर्षी तिचं नूतनीकरण व्हायचं. खेळाच्या कारणावरून ती थांबवायला मोठ्या गटांतल्या कॉलेजांना बंदी झाली ती २०१५ मध्ये. म्हणजे खेळाडूकडून चार वर्षांची निष्ठा मागितली जात होती, तेव्हा त्याच्या हातात बहुतेकदा बारा महिन्यांचा कागद असायचा.

प्रशिक्षकांना तर बाहेर बसायची अट कधीच नव्हती. १५ हंगाम केंटकीत काढून जॉन कॅलिपारी एप्रिल २०२४ मध्ये अर्कान्सासला गेले. त्याच गटातला प्रतिस्पर्धी संघ! पुढच्याच हंगामापासून ते काम करू लागले.

म्हणून 'तो निष्ठावान होता का?' याआधी एक प्रश्न विचारायला हवा: थांब, तुझी वेळ येईल, असं त्याला कोणी सांगितलं होतं का? आणि तसं सांगणाऱ्याने त्याच्याच जागेवर बाहेरून खेळाडू आणला का? बाहेरून खेळाडू आणणं प्रशिक्षकाचं कामच आहे. पण एका बाजूने पोर्टल वापरायचं आणि दुसऱ्या बाजूने त्यात नाव टाकणाऱ्याला कृतघ्न म्हणायचं, हे दोन्ही एकत्र बसत नाही.

पुढच्या वेळी अशी बातमी आली तर काय बघायचं?

कमेंट करण्याआधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, त्याची पदवी झाली आहे का? झाली असेल तर कॉलेजशी झालेला करार त्याने पाळलाय.

दुसरी, त्याच्या जागेवर पुढच्या वर्षी कोण आहे? २०० मिनिटांची वाटणी मांडून बघा. बहुतेकदा उत्तर तिथेच मिळतं.

तिसरी, तो कुठे चाललाय? प्रत्येक जण जास्त मिनिटांसाठी किंवा जास्त पैशांसाठीच जातो, असं गृहीत धरू नका.

गिलिसचंच बघा. ड्यूकच्या संघात कूपर फ्लॅगसारखे नवखे पण असामान्य खेळाडू होते. तिथेही गिलिस मुख्यतः बेंचवरूनच उतरला. ड्यूक अंतिम चारपर्यंत गेलं आणि ५ एप्रिल २०२५ ला ह्यूस्टनकडून ७०-६७ असं हरलं. पर्ड्यूत त्याने चार हंगाम खेळून काढले होते, सुरुवातीच्या पाचमधली जागा गेल्यावरही कुरकुर न करता राखीव खेळाडूचा पुरस्कार मिळवला होता आणि आपल्या कॉलेजला ४४ वर्षांनी अंतिम चारमध्ये नेणाऱ्या संघाचा तो भाग होता.

हाताशी एकच वर्ष उरलं होतं. ते कुठे घालवायचं, एवढंच त्याने ठरवलं. पर्ड्यूच्या चाहत्याला याचं वाईट वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण वाईट वाटणं वेगळं आणि त्याने दगा दिला म्हणणं वेगळं.