हिकमत आणि तिचा लगाम

अरबीतला ‘हिकमा’ फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि ‘हिकमत’ झाला. ह-क-म हा त्याचा धातू. आपले हुकूम, हुकमत, हाकीम, हकीम हे सगळे शब्द याच धातूचे. घोड्याच्या लगामाचा जो भाग त्याच्या जबड्याला आवरून धरतो त्याला अरबीत ‘हकमा’ म्हणतात आणि जुने अरबी कोशकार ‘हिकमा’चा अर्थ उलगडताना याच लगामाकडे बोट दाखवतात. माणसाला अविचारापासून आवरते ती हिकमा. मराठीत येईपर्यंत हा लगाम कुठेतरी गळून पडला. आपला हिकमती माणूस अडचणीतून वाट काढतो, अपुऱ्या साधनांत काम तडीस नेतो. ती वाट कुठे जाते, हे आपला शब्द विचारत नाही.

निव्वळ धूर्त बुद्धीसाठी अरबांनी वेगळा शब्द ठेवला. अशा बुद्धीचा माणूस तो ‘दाहिया’. अनेक असतील तर ‘दुहात’. अरबी परंपरेने इस्लामच्या पहिल्या शतकातले असे चार जण निवडले: मुआविया, अम्र इब्न अल-आस, मुगीरा इब्न शुअबा आणि झियाद. पहिले दोघे मक्केच्या कुरैश कुळातले, उरलेले दोघे ताइफचे. म्हणजे चौघांचीही मूळ माती आज सौदी अरेबियाच्या हिजाझ प्रांतात आहे. मराठी वाचकाला इथे आपले साडेतीन शहाणे आठवतील: पेशव्यांचे सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे, निजामाचा विठ्ठल सुंदर आणि तलवार न चालवल्यामुळे अर्धे ठरलेले नाना फडणवीस. विठ्ठल सुंदर 1763 मध्ये राक्षसभुवनच्या लढाईत मारला गेला. सखारामबापू 1781 मध्ये रायगडावर कैदेत वारले आणि त्यांना कैदेत टाकणारे होते नाना. या यादीकडे आपण कौतुकाने पाहतो, तिच्यातल्या माणसांच्या अखेरीकडे फारसे पाहत नाही.

अरबांनी मात्र त्या चौघांचे कौतुक करताना हातचे राखले. त्यांना दुहात म्हटले. हकीम, म्हणजे हिकमा असलेले, म्हटले नाही. हा भेद का टिकला हे समजायला इ.स. 657 कडे जावे लागते. युफ्रेटिसकाठी सिफ्फीनला खलिफा अली आणि सीरियाचा सुभेदार मुआविया यांची सैन्ये समोरासमोर होती. पारडे अलींकडे झुकू लागले तेव्हा अम्रच्या सल्ल्याने मुआवियाच्या सैनिकांनी भाल्यांवर कुराणाच्या प्रती उंचावल्या, निवाडा या ग्रंथाने व्हावा म्हणून. लढाई थांबली. दोन पंच नेमले गेले. त्यांची बैठक काही वृत्तान्तांनुसार दूमत अल-जन्दल या, आज सौदीच्या उत्तरेकडील अल-जौफ प्रांतात असलेल्या, गावी झाली. काही वृत्तान्त जॉर्डनमधल्या अध्रूहचे नाव घेतात. लोकांच्या तोंडी रुजलेली कथा अशी की अलींकडचे भोळे पंच अबू मूसा यांनी ठरल्याप्रमाणे दोघांनाही पदच्युत जाहीर केले. मग अम्र उठला आणि त्याने फक्त अलींना दूर करून मुआवियाला कायम केले. आधुनिक इतिहासकार या कथेचे तपशील जसेच्या तसे स्वीकारत नाहीत. पण तेराशे वर्षे ती सांगितली गेली, हेच समाजाने या चतुराईला काय किंमत दिली ते सांगते. पंचनिवाड्यालाही अरबीत ‘तहकीम’ म्हणतात, तोही ह-क-म या धातूचाच शब्द. जिथे हिकमेने बसायचे तिथे दाहिया बसला.

फळ तर मिळाले. 661 मध्ये मुआविया खलिफा झाला आणि एकोणीस वर्षे त्याने राज्य केले. तो राज्यकर्ता म्हणून फार वरच्या दर्जाचा होता, हे त्याचे विरोधकही नाकारत नाहीत. आपल्यात आणि प्रजेत एकच केस उरला तरी तो तुटू देणार नाही, त्यांनी ताणले तर मी सैल सोडीन आणि त्यांनी सैल सोडले तर मी ताणीन, असे त्याचे म्हणणे सांगतात. अरबीत ‘मुआवियाचा केस’ हा वाक्प्रचार आजही चालतो. पण सिफ्फीनच्या तडजोडीवर चिडून अलींच्याच बाजूचे काही जण, खारिजी, फुटले आणि त्यांच्यातल्याच एकाने अलींचा खून केला. मुआवियाने मुलाला, यझीदला, वारस नेमले आणि 680 मध्ये करबला घडले, अलींचे पुत्र हुसेन तिथे मारले गेले. त्याचे उमय्यद घराणे सत्तेवर 750 पर्यंत टिकले; करबलाची जखम अजून भरलेली नाही. मुआविया माझ्याहून हुशार नाही, तो दगा करतो आणि मी करत नाही, अशा आशयाचे अलींचे उद्गार परंपरेने जपले आहेत. दाहिया आणि हकीम यांच्यातली रेघ तिथे ओढलेली आहे.

सिफ्फीनच्या सुमारे तीस वर्षे आधी, 628 मध्ये, मक्केबाहेर हुदैबियाला तह झाला होता. पैगंबरांनी करारातून ‘अल्लाहचा प्रेषित’ ही आपली ओळख काढू दिली आणि त्या वर्षी यात्रा न करता परत फिरण्याची अट मान्य केली. त्यांच्या जवळच्या अनुयायांनाही तो अपमान वाटला. दोन वर्षांत मक्का जवळजवळ रक्तपाताविना हाती आली. दोन प्रसंगांची जातकुळी एक नाही, तरी जून 1665 चा पुरंदरचा तह जाणणाऱ्याला ही चाल ओळखीची वाटेल. तेवीस किल्ले देऊन बारा राखायचे, आणि पाच वर्षांनी गेलेले परत घ्यायला लागायचे. माघार घेताना जो आपला राग आवरतो त्याच्या बुद्धीला लगाम आहे.

आधुनिक सौदी राज्य घडले त्या काळात लगाम असणे आणि लगाम सुटणे या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी दिसतात. सप्टेंबर 1924 मध्ये अब्दुलअझीझ इब्न सौद यांच्या इख्वान सैन्याने ताइफ घेतले आणि तिथे कत्तल झाली. पुढे जेद्दा समोर होते, बाजारपेठ आणि परकीय वकिलातींचे शहर. अब्दुलअझीझ यांनी ते हल्ला करून घेतले नाही. 1925 चे जवळजवळ अख्खे वर्ष वेढा देऊन बसले आणि डिसेंबरमध्ये शहर शरण आले. ज्या इख्वानांच्या बळावर राज्य वाढले त्यांनाच आवरण्यासाठी 1929 मध्ये सबिलाला लढावे लागले. 23 सप्टेंबर 1932 ला ‘सौदी अरेबिया’ हे नाव जाहीर झाले तेव्हा खजिन्यात फारसे काही नव्हते. जागतिक मंदीने हज यात्रेकरूंची संख्या लाखाच्या घरातून वीस हजारांच्या आसपास आणली होती.

या खजिन्याच्या किल्ल्या अब्दुल्ला सुलेमान यांच्याकडे होत्या. नज्दमधल्या उनैझा गावचा हा माणूस तरुणपणी मुंबईत एका अरब व्यापाऱ्याच्या पेढीवर काम करून हिशेब शिकला होता. मराठीतला ‘मुत्सद्दी’ मूळ अरबी ‘मुतसद्दी’ आहे, म्हणजे कामाचा भार अंगावर घेणारा. मोगलाईत तो कारकून आणि बंदराचा अंमलदार झाला. सुरतेचा मुतसद्दी प्रसिद्धच आहे. आपण त्याला राजकारणाच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसवले, आणि ते बरोबर केले, कारण नानांचे पदही फडणिशीचे म्हणजे हिशेबाचेच होते. सुलेमान हे त्या जुन्या अर्थाचे मुत्सद्दी.

1933 च्या वसंतात जेद्दात कॅलिफोर्नियाची स्टँडर्ड ऑइल आणि ब्रिटिश वजनाखालची इराक पेट्रोलियम कंपनी, दोघीही तेलाचा मक्ता मागत होत्या. सुलेमान यांनी सुरुवातीला एक लाख सोन्याचे पौंड मागितले. मिळाले फार कमी: 30 हजार आगाऊ कर्जाऊ, वर्षाला 5 हजार भाडे, दीड वर्षाने आणखी 20 हजार, पुढे तेल निघाले तर टनामागे चार सोन्याचे शिलिंग. रक्कम खाली आली, सोन्याची अट मात्र सोडली नाही, आणि त्याच वसंतात अमेरिकेने सोन्याची निर्यात बंद केली होती. 29 मे 1933 ला सह्या झाल्या. ऑगस्टमध्ये 35 हजार नाणी जेद्दात उतरली आणि डच बँकेत मेजावर मोजली गेली. ब्रिटन शेजारच्या बहुतेक किनाऱ्यांवर हुकमत गाजवत असताना दूरच्या, या भागात वसाहत नसलेल्या देशाच्या कंपनीला जमीन देणे, हा या व्यवहारातला खरा शहाणपणा होता. दमामची सात नंबरची विहीर मार्च 1938 मध्ये लागली.

लगाम इथेही सुटला, हे सांगितलेच पाहिजे. राजाचा खर्च आणि राज्याचा खर्च यांच्यात भिंत नव्हती. तेलाचा पैसा आला तसा तो महालांवर गेला, आणि 1958 मध्ये युवराज फैसल यांनी कारभार हाती घेतला तेव्हा राज्य कर्जात बुडालेले होते. सोने मोजून घेणाऱ्या राज्याला खर्च मोजता आला नाही.

महाराष्ट्रात आज ‘मुत्सद्दी’ आणि ‘हिकमती’ ही बिरुदे फार स्वस्त झाली आहेत. रात्रीतून पक्ष फोडला, सकाळी शपथ घेतली की वर्तमानपत्रे चाणक्य म्हणून मोकळी होतात. असा डाव जमवणारा फार तर दाहिया असतो. मुत्सद्दी कोणाला म्हणायचे हे त्याने दहा-वीस वर्षांनी काय मागे ठेवले यावरून ठरावे, आणि त्या कसोटीला उतरणारे उदाहरण तेलाच्याच हकिकतीत आहे. इराणमध्ये 1951 मध्ये मोसद्देक यांनी तेल एका झटक्यात राष्ट्रीय केले. मागणी न्याय्य होती, पण 1953 मध्ये उठाव घडवून त्यांना हटवले गेले. सौदींनी व्हेनेझुएलाच्या वाटेने जाऊन 1950 च्या डिसेंबरात अराम्कोकडून, म्हणजे 1933 च्या मक्त्यावर तेल काढणाऱ्या अमेरिकी कंपनीकडून, नफ्याची निम्मी वाटणी घेतली. 1973 मध्ये पंचवीस टक्के हिस्सा, 1974 मध्ये साठ, आणि 1980 मध्ये उरलेला सगळा, तोही मोबदला देऊन. मालकी बदलली तेव्हाही अमेरिकी अभियंते धहरानमध्ये आपापल्या कामावर होते.