वनस्पतिविचार : भिंतीवरचा उंबर

भोकरदन तालुक्यातील हसनाबादसारख्या गावात वड, पिंपळ वा उंबर यांची ओळख कोणाला करून द्यावी लागत नाही. पिकलेला उंबर फोडताच उडणारी केंबरे पाहिली, की पंच उदुंबरांच्या त्यागाचे कारण लहान मुलालाही कळते. आचार्य अमृतचंद्रांच्या ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ ग्रंथात उंबर, कठुंबर, प्लक्ष, वड व पिंपळ यांची फळे त्रस जीवांची उत्पत्तिस्थाने म्हणून वर्ज्य सांगितली आहेत. ही पाचही झाडे आहेत. मग याच कुळातील वेलीचे काय?

रोपवाटिकेत ‘वॉल क्रीपर’ या नावाने मिळणारी, भिंतीला चिकटून चढणारी बारीक पानांची वेल ती हीच. मूळची ती पूर्व आशियातील. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत पाणी मिळणाऱ्या भिंतीवरच ती तग धरते. लिनियसने १७५३ साली वड, पिंपळ व उंबर यांच्याबरोबरच तिलाही ‘फायकस’ या प्रजातीत घातले आणि ‘पुमिला’, म्हणजे बुटकी, असे नाव दिले. नाव फसवे आहे. कोवळेपणी पान नखाएवढे असते. पण वेल जुनी झाली की भिंतीपासून सुटून बाहेर येणाऱ्या जाड फांद्यांवर मोठी, चिवट पाने येतात आणि अंजिराएवढी फळेही धरतात. दोन्ही फांद्या शेजारी ठेवल्या, तर त्या एकाच वेलीच्या आहेत असे कोणी मानणार नाही.

वर्गीकरणात पानाला फारसा मान नाही. मान आहे फळाला. फळ म्हणजे आतल्या बाजूस फुले असलेली बंद कुपी. वड, पिंपळ व उंबर यांच्या एकाच कुपीत नर व मादी फुले असतात. या वेलीत आणि कठुंबरात मात्र बीज धरणारी वेल वा झाड वेगळे आणि माशीची पिले वाढविणारे वेगळे. गांधीलमाशीच्या जातकुळीतील इवली माशी परागकण घेऊन अरुंद तोंडातून आत शिरते. तेथेच तिचे पंख तुटतात. बीज धरणाऱ्या फळात तिला अंडी घालता येत नाहीत. ती परागण करते आणि आतच मरते.

आपल्याकडे हे फळ कोणी खात नाही, म्हणून प्रश्न येथेच मिटला असता. परंतु तैवानात याच जातीच्या एका प्रकाराच्या बिया पाण्यात चोळून ‘आइयू’ नावाची थंड जेली करतात. तिच्यात जिलेटिन नसते, शिजविण्याचीही गरज नसते. परदेशी शिकणारा जैन विद्यार्थी ती निःशंकपणे घेईल. मात्र त्या बिया परागणाशिवाय धरत नाहीत. माशी आत गेली, म्हणूनच बी झाली. यादीतील नावे मोजली तर ही वेल सुटते; कारण पाहिले तर सुटत नाही, आणि यादी कारणासाठीच केलेली आहे. व्रताचा अंतिम निर्णय अर्थात गुरुजनांचा. भिंतीवरची वेल मात्र हिरवळीसाठी खुशाल असू द्यावी. जाड फांद्या वेळच्या वेळी छाटल्या की फळ धरतच नाही.