घर कुणाच्या नावावर?



केरळमधल्या मुन्नारचे चहाचे मळे आपण दिनदर्शिकेवरच्या चित्रांत पाहतो. त्या हिरव्या उतारांवरच एकाला एक चिकटलेल्या खोल्यांच्या रांगा आहेत. तिथे त्यांना ‘लायम’ म्हणतात. मळ्यातली कामगार कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या या खोल्यांत राहत आली आहेत.

१८७७ मध्ये पूंजारच्या संस्थानिकाने कण्णन देवन डोंगरांची जमीन जॉन मन्रो या ब्रिटिशाला दिली. पुढे मळे उभे राहिले. कंगाणी म्हणजे मुकादम. त्यांनी तमिळ मुलखातून कुटुंबेच्या कुटुंबे आणली, त्यांत दलित मोठ्या संख्येने होते. मजूर मळ्यातच राहावा, म्हणून खोली दिली गेली. १९५१ च्या मळे कामगार कायद्याने घर देणे मालकावर बंधनकारक केले. तरी घर नोकरीलाच बांधलेले राहिले.

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात हा कायदा मी ‘कामगार कल्याण’ या प्रकरणात शिकले. पण हे कल्याण बाईच्या वाट्याला कसे येते? पाने खुडणाऱ्या बहुतेक बायकाच. निवृत्त झाल्या की खोली सोडायची; नाही सोडली तर ग्रॅच्युइटी अडते. आयुष्यभर राबून म्हातारपणी हातात ना घर, ना जमीन. मग छप्पर टिकवायला घरातल्या कुणीतरी, बहुधा मुलीने किंवा सुनेने, मळ्यात नाव लावायचे. खोली अशी पुढच्या पिढीलाही बांधून ठेवते.

सप्टेंबर २०१५ मध्ये याच खोल्यांतल्या हजारो बायका रस्त्यावर बसल्या. बोनस २० टक्क्यांवरून १० वर आणला होता, रोजची मजुरी होती २३२ रुपये. युनियनच्या पुरुष पुढाऱ्यांना दूर ठेवून त्यांनी ‘पेम्बिळै ओरुमै’, म्हणजे बायकांची एकजूट, उभी केली. बोनसची मागणी मान्य झाली, पुढे मजुरीही ३०१ रुपये झाली. घराचा प्रश्न मात्र मागे राहिला.

६ ऑगस्ट २०२० च्या रात्री मुन्नारजवळ पेट्टिमुडीला दरड कोसळली आणि लायमच्या रांगा गाडल्या गेल्या. ७० माणसे गेली. त्यांतली चार सापडलीच नाहीत. मळ्यातले घर कोसळले तर मालकाने भरपाई द्यावी, अशी तरतूद १९८१ मध्ये कायद्यात आली होती, पण नैसर्गिक आपत्तीचा अपवाद ठेवून. पाऊस निसर्गाचा, हे खरे. पण त्या जागी खोल्या कुणी बांधल्या? राहणारीला जागा निवडता आली होती का?

नवऱ्याच्या मर्जीवरचे घर बाईला गप्प बसवते, हे आपण आपल्या गटांत रोज ऐकतो. मालकाच्या मर्जीवरचे घरही तेच करते. म्हणून नुसती दुरुस्ती, नवे पत्रे एवढ्यावर समाधान मानू नये. घर आणि त्याखालची जमीन राबणाऱ्या बाईच्या नावावर झाली पाहिजे, आणि काम सुटले तरी ती तिचीच राहिली पाहिजे. मजुरीच्या प्रत्येक मागणीपत्रात ही मागणी पहिल्या पानावर असू द्या.