पडक्या वाड्यात शिरायचे, पण कोणत्या वेळी?

परीक्षा आटोपल्या, हातात मोबाइल आला आणि मोटारसायकलीत पेट्रोल असले की आपल्याकडच्या मुलांना पडक्या जागांची ओढ लागते. कुणाचा तरी बेवारस वाडा, बंद पडलेली जिनिंग, गढीचा बुरूज, गाळाने भरलेली बारव, दारे-खिडक्या गेलेल्या सरकारी क्वार्टर्स. मोठ्या शहरांत या छंदाला 'अर्बन एक्सप्लोरेशन' असे भारदस्त नाव आहे. आमच्या लहानपणी याला सरळ उंडगेपणा म्हणत. मी या हौसेच्या विरुद्ध नाही हे आधीच सांगून टाकतो. ज्या गावात आपण वाढलो त्याची जुनी हाडे बघावीशी वाटणे हे चांगलेच लक्षण आहे. माझी तक्रार आहे ती या मंडळींनी निवडलेल्या वेळेबद्दल.

विचारले तर उत्तर ठरलेले असते. संध्याकाळी पाच-साडेपाचला निघतो. का? तर ऊन उतरलेले असते, फोटो छान येतात आणि हटकणारे कोणी नसते. यातले पहिले कारण अर्धवट खरे आहे, दुसरे पूर्ण खरे आहे आणि तिसरे सर्वांत घातक आहे. ज्या वेळी हटकणारा माणूस तिथे नसतो, त्या वेळी तुमची हाक ऐकणाराही नसतो, हे या मुलांच्या ध्यानात येत नाही.

माझे मत असे की, अशा जागी जाण्याची वेळ आत शिरण्याच्या नव्हे, तर बाहेर पडण्याच्या हिशेबाने ठरवावी. सकाळी सातला तुम्ही आत गेलात तर मिनिटागणिक उजेड वाढत जातो. पाय मुरगळला, तुळईला डोके आपटले, कुणी जिन्यावरून घसरला तरी पुढे अख्खा दिवस पडलेला असतो. दुकाने उघडलेली, एसटी चालू, रुग्णालयात क्ष-किरण विभाग सुरू, डॉक्टर जागेवर. संध्याकाळी सहाला नेमके उलटे होते. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या आतच सूर्य मावळतो आणि पुढच्या अर्ध्या तासात काळोख होतो. मग हाडमोडीपेक्षा त्या मुलाला बाहेर काढणेच कठीण होऊन बसते.

आपल्या जिल्ह्यात बघण्यासारख्या जागांना तोटा नाही. संभाजीनगरात मलिक अंबरने १६१२ साली बांधलेला भडकल दरवाजा आहे, त्याच्याच काळातील नहर-ए-अंबरीचे भुयारी पाट आहेत, पैठणला जुन्या वाड्यांच्या गल्ल्या आहेत. दौलताबादची अंधारी तर सर्वांना ठाऊक आहे. संरक्षित स्मारकांना उघडण्या-मिटण्याच्या वेळा असतात, तिथे वादच नाही, त्या पाळाव्यात. मी बोलतो आहे ते फाटक, तिकीट, पहारेकरी यांपैकी काहीच नसलेल्या जागांबद्दल. तिथेही कोणीतरी मालक असतो. त्याला विचारून गेलात तर तोच तुम्हाला दिवसाउजेडी बोलावील आणि कोणत्या खोलीची जमीन खचलेली आहे तेही सांगेल.

आता दुपारचा विचार करू. दुपारी उजेड भरपूर, म्हणून ती वेळ सुरक्षित असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात डोक्यावरचा सूर्य वाड्याचा चौक तेवढा उजळतो, माजघरात तो पोहोचत नाही. झगझगीत उन्हातून अंधाऱ्या ओसरीत पाऊल टाकले की काही क्षण माणूस जवळजवळ आंधळा असतो. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पडणारा माणूस पडतो तो पहिल्या दोन मिनिटांत. मोतीबिंदू सुरू झालेल्या माणसाला ही अडचण आणखीच जास्त. याउलट सकाळचे तिरपे ऊन पूर्वेच्या दारातून थेट आत येते. तिरप्या उजेडात खड्ड्याची, भेगेची, वर आलेल्या दगडाची सावली पडते आणि ते चटकन दिसतात. फोटोवाल्यांसाठीही सांगतो, संध्याकाळी जो तिरपा उजेड असतो तोच सकाळीही असतो. फक्त लवकर उठावे लागते.

उन्हाळ्याबद्दल आपल्याकडे वेगळे सांगायला नको. दिवसातील सर्वांत जास्त तापमान दुपारी अडीच ते चारच्या दरम्यान असते. मात्र दगडी भिंती दिवसभर खाल्लेली उष्णता संध्याकाळी ओकत असतात, त्यामुळे मे महिन्यात सहा वाजताही जुन्या पेठेच्या बोळात भट्टीजवळ उभे राहिल्यासारखे वाटते. म्हणूनच 'ऊन उतरलेले असते' हे कारण मी अर्धवट खरे म्हटले. सूर्योदयाच्या सुमारास त्याच भिंती सर्वांत थंड असतात. उन्हात फिरलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तव्यासारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि रुग्णालय गाठा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

पण मला खरी भीती वाटते ती तिन्हीसांजेची. घोणस, मण्यार आणि फुरसे यांची भक्ष्य शोधायची वेळ ती. पडक्या वाड्यात उंदीर असतात, उंदरांमागे साप येतात, आणि त्याच दगडांवर आपली मुले गप्पा ठोकत बसतात. काही वर्षांपूर्वी श्रावणात वीसेक वर्षांचा एक मुलगा पहाटे माझ्याकडे आला. पोटात दुखते, एवढीच तक्रार. आईच्या मते रात्री बाहेर खाल्लेल्या भज्यांचा प्रताप. पण त्याच्या पापण्या खाली येत होत्या आणि आवाज नाकातून निघत होता. खोदून विचारले तेव्हा कळले, की रात्री अकरापर्यंत तिघे मित्र एका पडक्या वाड्याच्या ओट्यावर बसले होते आणि घोट्याला मुंगी चावल्यासारखे झाले होते. ती मुंगी नव्हती, मण्यार होती. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखत नाही, सुजत नाही, दातांच्या खुणाही दिसत नाहीत. विष मज्जासंस्थेवर काम करते आणि काही तासांनी श्वास थांबवते. त्या मुलाला तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवले, प्रतिविष दिले, दोन दिवस श्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागले. वाचला. पहाटे आईला जाग आली नसती तर काय झाले असते ते लिहायला नको.

साप चावल्यास करायचे ते थोडेच आहे, पण तेवढे नीट करावे. माणसाला धीर द्यावा, चालू देऊ नये, चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा फळीला बांधून स्थिर ठेवावा. आवळपट्टी बांधू नये, जखम कापू नये, चोखू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. साप मारून आणण्याचीही गरज नाही. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते आणि सरकारी रुग्णालयात ते मोफत देतात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात आहे. मात्र फोनवर जागेचा पत्ता सांगता आला पाहिजे. काळोखात, पडक्या भिंतींमागे, गावाबाहेर असताना तो सांगणे किती अवघड जाते ते एकदा स्वतःशीच म्हणून बघा.

सकाळ हीदेखील सर्व रोगांवर औषध नव्हे. कमानीला आग्या मोहोळ लटकलेले दिसले तर कोणत्याही वेळी मागे फिरावे. सकाळच्या गारव्यात माशा जरा सुस्त असतात एवढेच. तिथे धूर, दगड, आरडाओरडा आणि अंगावरचे अत्तर टाळावे. वटवाघळांच्या खोल्यांत त्यांच्या विष्ठेची धूळ उडवू नये, तिच्यातील बुरशीने फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. कुत्रे चावले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी.

काही ठिकाणी तर वेळेचा प्रश्नच उद्भवत नाही. धान्याचे जुने पेव, बंद तळघर, वापरात नसलेली विहीर, नहरीचे भुयार यांत सकाळी काय नि संध्याकाळी काय, उतरू नये. तळाशी प्राणवायू नसतो आणि नाकाला बांधलेला रुमाल तो तयार करीत नाही. अशा ठिकाणी पहिला कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो. तीच गोष्ट पावसाळ्यातील माळवदाची. तुळयांवर मातीचा जाड थर असतो, तो पाणी पिऊन जड होतो, आतून वाळवीने खाल्लेली तुळई वरून धडधाकट दिसते. पांढऱ्या मातीच्या भिंती पाऊस थांबल्यावर, ऊन पडल्यावरही ढासळतात. पावसाळाभर पडक्या वाड्याकडे फिरकूच नये, दिवाळीनंतर बघावे.

आता ज्येष्ठ मंडळींसाठी. जुनी पेठ पायी फिरण्याची हौस निवृत्तीनंतर पुष्कळांना होते आणि ती मला फार आवडते. पण हृदयविकाराचे झटके दिवसातील इतर वेळांपेक्षा सकाळच्या प्रहरात अधिक येतात, तेव्हा उठल्याबरोबर बुरुजाच्या पायऱ्या चढायला घेऊ नका. आधी सपाट रस्त्याने वीस मिनिटे चाला. छातीत दडपल्यासारखे झाले तर तिथेच बसा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी निघणे म्हणजे चक्कर येण्याची तयारीच. खिशात साखरेची पुडी असू द्यावी. दमेकऱ्यांनी डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा हट्ट धरू नये. थंडीत धूर आणि धूळ जमिनीलगत साचून राहतात, ऊन तापल्यावरच हवा मोकळी होते. त्यांनी घरी गरम पोहे खावेत आणि नऊनंतर निघावे. वाडा तोवर कुठे पळून जात नाही.