चितळ देशी, बेट परके

सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी पाहून गहिवरलेला मराठी पर्यटक दुसऱ्या दिवशी होडीने रॉस बेटावर जातो. २०१८पासून त्याचे नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. वडा-पिंपळाच्या मुळांनी गिळलेल्या इंग्रजी भिंती आणि त्यांच्या आडोशातून थेट तळहातापाशी ओले नाक आणणारे चितळ. बिस्किटाचा पुडा फुटतो, फोटो निघतो.

हे चितळ मूळचे तिथले नव्हेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला साहेबाने शिकारीच्या हौसेपायी ते आणून सोडले. अंदमानात वाघ नाही, बिबट्या नाही, कोळसुंदा नाही. खाडीतली मगर एखाददुसरे ओढून नेत असेल, तेवढेच. चितळ खाड्या पोहून ओलांडतात. लिटल अंदमान सोडले तर बहुतेक मोठ्या बेटांवर ते पसरले. १९५०च्या दशकात त्यांना आवरायला दोन बिबटे सोडले, पण दोन्ही माद्या! सरकारी अक्कल म्हणतात ती अशी.

परिणाम पाहायचा तर जंगलात खाली वाकून पाहावे. वर गच्च हिरवे छत, पण चितळाची मान पोचेल तिथवर पाला साफ. रोपेच उरली नाहीत तर उद्याची झाडे कुठून येणार? आणि ज्या झुडपांवर तिथलेच, जगात इतरत्र कुठे न सापडणारे सरडे राहतात, ती झुडपे गेली की सरडेही कमी होतात, असे अभ्यासकांना दिसले आहे.

मग सरकार काय करते? कायद्याकडे बोट दाखवते. वन्यजीव कायद्यात २०२२ साली आक्रमक परकीय प्रजातींची तरतूद आली खरी, पण परकीय म्हणजे मूळची भारतातली नसलेली. चितळ तर अस्सल भारतीय, वर संरक्षित. समुद्रापलीकडे हजारभर किलोमीटरवरच्या बेटाला तो तितकाच परका आहे, हे या व्याख्येच्या गावीही नाही. हरणाचे डोळे टपोरे असतात, सरड्याचे नसतात. त्यामुळे आरडाओरडही होत नाही.

व्याख्येत देशाच्या सीमेऐवजी त्या-त्या अधिवासाची सीमा धरावी आणि चितळांची संख्या घटवण्याचा निर्णय वनखात्याने अभ्यासकांना सोबत घेऊन एकदाचा करावा. तोवर आपण रॉसला गेलो, तर बिस्किटाचा पुडा पिशवीतच राहू द्यावा.