काच धुणाऱ्या पोराला दोर किती? एक की दोन?

पुसेगाव (ता. सेनगाव) : सोयाबीन निघालं की आपल्याकडची पोरं बॅगा भरतात. कोणी ऊसतोडीला, कोणी वीटभट्टीवर, आणि दहावी-बारावी झालेली पुण्या-मुंबईला. जनशताब्दी हिंगोलीपर्यंत आल्यापासून तर मुंबई आणखी जवळ झाली. तिकडं गेलेल्या काही पोरांच्या वाट्याला एक काम येतंय, ज्याची गावात फारशी चर्चा होत नाही : उंच इमारतींच्या काचा बाहेरून धुणं. घरी फोनवर पोरगं सांगतं, "हाऊसकीपिंगमध्ये लागलो." आई-बापाला वाटतं फरशी पुसायचं काम असंल. ते विसाव्या मजल्याच्या बाहेर लोंबकळतंय, हे त्यांना माहीत नसतं.

हजेरी खालच्या कामापेक्षा जास्त मिळते, म्हणून पोरं वर चढतात. त्यात त्यांची चूक नाही. प्रश्न आहे तो वर चढवणाऱ्याचा.

गेल्या काही वर्षांतल्या बातम्या आठवा. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत वरळीला एका उंच इमारतीची ट्रॉली कोसळून दोन मजूर गेले. १० सप्टेंबर २०२३ ला ठाण्यात बाळकुम भागात चाळीस मजली इमारतीच्या गच्चीवरचं वॉटरप्रूफिंगचं काम उरकून मजूर बांधकामाच्या लिफ्टने खाली येत होते, ती लिफ्ट कोसळली आणि सात जणांचा जीव गेला. ५ सप्टेंबर २०२४ ला मालाडमध्ये विसाव्या मजल्याच्या स्लॅबचा भाग कोसळून तिघे गेले. यातलं प्रत्येक काम वेगळं होतं. पण माणूस ज्याच्या भरवशावर उंचावर होता ती वस्तूच गेली, आणि तिच्यानंतर त्याला धरणारं दुसरं काही उरलं नाही.

साठ मीटरवरून, म्हणजे साधारण वीस मजल्यांवरून, खाली यायला साडेतीन सेकंद लागतात. जमिनीला लागताना वेग ताशी १२० किलोमीटरच्या वर असतो. तिथं हेल्मेट काही करू शकत नाही. हेल्मेट वरून पडणाऱ्या वस्तूसाठी असतं. पडणाऱ्या माणसाला वाचवतो तो दुसरा दोर.

हे काम कसं चालतं ते समजून घेऊ. दोन पद्धती आहेत. एक म्हणजे झुला किंवा पाळणा, ज्याला कंपनीवाले गोंडोला म्हणतात. तो गच्चीवरच्या लोखंडी आधारावरून वायररोपने खाली सोडतात. दुसरी म्हणजे लाकडी पाटीवर बसून एका माणसाने दोराने सरकत खाली येणं. दोन्हीकडे नियम एकच आहे. ज्या दोरावर काम चालतं तो वेगळा, आणि अंगातल्या पट्ट्याचा हूक ज्यात अडकवायचा तो जीवनदोर वेगळा. दोन्ही दोर गच्चीवर वेगवेगळ्या जागी बांधायचे. पहिला तुटला, सुटला, किंवा त्याचा खांबच उपटला, तरी दुसरा धरतो.

ज्यांनी विहिरीवर यारी लावली आहे त्यांना हे लवकर कळंल. यारीच्या वायररोपची एक-एक तार सुटायला लागली की जाणता माणूस दोर बदलतो, आणि खाली माणूस असताना यारी कशाला बांधली हे दहा वेळा बघतो. शहरात गच्चीवर हा दोर कुठं बांधतात? कधी पाण्याच्या टाकीच्या पाइपाला, कधी रेलिंगला, कधी डिश अँटेनाच्या स्टँडला. पाइप पाणी वाहून न्यायला बसवलेला असतो, माणूस पेलायला नाही.

दोराचं दुसरं दुखणं कठड्याच्या कडेला. दिवसभर दोर काँक्रीटच्या धारेवर घासतो. तिथं खाली रबर किंवा जाड गोणपाट नसेल तर आतून धागे तुटत जातात आणि वरून काही दिसत नाही. उन्हाचंही तसंच. शेतात दोन उन्हाळे पडलेला नायलॉनचा दोर हाताने ओढला तरी तुटतो, हे आपण बघतोच. त्यात काचेवरचे सिमेंटचे डाग काढायला ॲसिड वापरतात. नायलॉनला ॲसिड लागलं की त्याची ताकद जाते. म्हणून ॲसिडचं काम असेल तर जीवनदोर कशाचा आहे आणि त्यावर शिंतोडे गेले का, हे रोज बघायला पाहिजे.

पट्ट्याची गोष्टही अशीच. नुसता कमरेचा पट्टा देऊन "बेल्ट दिला" म्हणणारे ठेकेदार आहेत. कमरेच्या पट्ट्याने पडता-पडता झटका बसला तर मणका आणि पोट जातं. खांद्यावरून आणि मांडीतून जाणारा पूर्ण हार्नेस पाहिजे. आणि हार्नेसमध्ये लटकलेल्या माणसालाही काही मिनिटांत खाली घ्यावं लागतं. पाय लोंबकळत राहिले की रक्त खालीच साचतं आणि माणूस बेशुद्ध होतो. म्हणजे वर गच्चीवर एक जाणता माणूस दिवसभर हजर पाहिजे. ठेकेदार नेमकी त्याचीच हजेरी वाचवतो.

वाऱ्याचं बोलायलाच नको. अमेरिकेतल्या नियमात ताशी २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटरच्या वर वारा गेला की पाळण्यावरचं काम बंद. तिथं २०१६ मध्ये आणखी एक नियम आला : गच्चीवरची बांधायची जागा एका माणसामागे ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २,२६८ किलो भार पेलते, असं इमारतीच्या मालकाने लेखी द्यायचं. मला हा नियम सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण आपल्याकडे गच्ची ज्याची आहे तो म्हणतो, "आम्ही कंपनीला काम दिलं." कंपनी म्हणते, "आम्ही ठेकेदाराला दिलं." ठेकेदार म्हणतो, "पोराने हूक लावला नाही."

आपल्याकडे कायदाच नाही असंही नाही. बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा आहे, त्याखाली केंद्राचे १९९८ चे आणि महाराष्ट्राचे २००७ चे नियम आहेत. त्यात सुरक्षा पट्टा आणि पक्का बांधलेला जीवनदोर आहे. कायद्याच्या व्याख्येत नुसतं बांधकाम नाही, इमारतीची दुरुस्ती आणि देखभालही आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या, त्यात हा कायदाही सामावला गेला, आणि प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र द्यायचं बंधन आलं.

अडचण आकड्याची आहे. हे नियम प्रामुख्याने दहा किंवा जास्त कामगार असलेल्या जागेला लागतात. काचा धुणारी टोळी असते पाच-सहा जणांची. मुकादम बहुतेक वेळा आपल्याच भागातला, कधी नात्यातला. नेमणूक पत्र तर सोडा, हजेरीची वहीसुद्धा त्याच्या खिशात. दोर तुटायच्या आधीच पोरगं कायद्यातून निसटलेलं असतं.

आता पैशाचं, कारण घरच्यांची फसवणूक इथंच होते. अपघात झाला की त्याच रात्री ॲम्ब्युलन्स करून देतात, हातात वीस-पन्नास हजार ठेवतात, आणि कागदावर सही घेतात. पण नुकसानभरपाईचं १९२३ च्या कायद्यातलं गणित, जे नव्या संहितेतही ठेवलंय, असं आहे : महिन्याच्या पगाराचा निम्मा हिस्सा गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. पगार १५,००० पर्यंतच धरतात, ही मर्यादा २०२० पासूनची. पोराचं वय २५ असेल तर आकडा २१६.९१. म्हणजे ७,५०० गुणिले २१६.९१, बरोबर १६ लाख २६ हजार ८२५ रुपये. ज्याचा ईएसआय कापला जातो त्याच्या घरच्यांना याऐवजी ईएसआयकडून महिन्याचं निवृत्तिवेतन मिळतं.

"त्याने बेल्ट लावला नव्हता" हे ऐकून घरचे गप्प बसतात. गप्प बसायचं कारण नाही. सांगूनही सुरक्षा साधन वापरलं नाही, ही सबब मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर कायद्यात चालत नाही. ठेकेदार पळाला तर ज्या साफसफाई कंपनीने त्याला काम दिलं तिच्याकडे मागता येतं, कारण साफसफाई हाच तिचा धंदा. सोसायटीवर मात्र ही जबाबदारी तशी आपोआप येत नाही, तिथं वकील लागतो. दावा मुंबईतच लावावा लागतो असंही नाही, घरचे राहतात त्या जिल्ह्यातही लावता येतो. निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली येतो आणि त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुन्या कायद्यात ती दोन वर्षं होती.

दुसरी वाट बांधकाम कामगार मंडळाची. गावात हे मंडळ भांड्यांच्या संचामुळे माहीत झालं. कधी पाटी उचलली नाही अशांच्या घरी संच आला, आणि जो खरोखर दोरावर आहे त्याची नोंदणीच नाही. वय १८ ते ६०, आणि गेल्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला, एवढं लागतं. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, तिथं बरेच जण चुकतात. नोंदीत असलेला कामगार कामावर मेला तर वारसाला ५ लाख, नैसर्गिक मृत्यूला २ लाख. मंडळाच्या कामांच्या यादीत काच कापणं आणि काचेची तावदानं बसवणं आहे. काच धुणं हा शब्द तिथं नाही. ही ओळ घालायला आमदार-खासदारांना काही कोटींचा निधी लागत नाही.

तोवर ज्यांची पोरं तिकडं आहेत त्यांनी आज रात्री फोनवर दोनच गोष्टी विचाराव्यात : तुझा जीवनदोर वेगळा आहे का, आणि तो वर कशाला बांधलाय. पोराला सांगावं, रोज वर जायच्या आधी दोराचा आणि बांधलेल्या जागेचा फोटो घरच्या ग्रुपवर टाक. पगार रोख न घेता फोनवर घे, म्हणजे कोणाकडे कामाला होतो याचा पुरावा राहतो. आणि वाईट वेळ आलीच, तर एफआयआरची प्रत, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि सोबतच्या पोरांचे नंबर हातात आल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नका.