गळाची मासळी आणि शंकुकाचा घोडा

साहित्यशास्त्राच्या वर्गात अनुकरणाचा विषय निघाला की श्रीशंकुकाचा चित्रातला घोडा हमखास येतो. तो खरा नाही, खोटाही नाही, तरी पाहणारा 'हा घोडा' म्हणतो. उदाहरण उत्तमच, परंतु हा घोडा जागचा हलत नाही, आणि म्हणून अनुकरण म्हणजे सारखे दिसणे एवढेच विद्यार्थ्याच्या हाती उरते. त्याला काही काळ तबेल्यात बांधून त्याच्या जागी गळाची नकली मासळी आणावी, असे मी सुचवतो.

मोठ्या शिकारी माशासाठी गळावर कृत्रिम धागे बांधून ही मासळी करतात. नवशिका तिला कल्ले, खवले सगळे देतो. हातात ती हुबेहूब दिसते. पाण्यात आडवी पडते, नाहीतर ब्रशासारखी ताठ ओढली जाते. धागे फार झालेले असतात. जाणता कारागीर ते विरळ ठेवतो, शेपटीकडे निमुळते करतो आणि डोक्याशी फुगवटा ठेवतो. तिथे पाणी अडून बाजूंनी वळते व मागचे धागे हलतात. कृत्रिम धागा पाणी पीत नाही, हा फायदा. मात्र लांब आणि फार मऊ घेतला तर गळाच्या बाकालाच गुंडाळतो. पेनसिल्व्हेनियाच्या बॉब क्लाउझरने १९८० च्या दशकात गळाच्या दांड्यावर डंबेलसारखे शिशाचे डोळे बांधले. केस त्याने हरणाच्या शेपटीचे घेतले होते, पण युक्ती धाग्यांनाही तशीच लागू पडते. वजनामुळे गळ उलटा होऊन टोक वर राहते. दोरी ओढली की मासळी उसळते, सैल सोडली की डोक्यावर बुडते. म्हणजे डोळ्यांचे मुख्य काम दिसणे नव्हेच!

आपली समीक्षा मात्र खवलेच मोजते. सास्तूर-लोहारा परिसरावर, ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपावर कोणी कथा लिहिली की बोलीतले शब्द आणि अवजारांची नावे मोजून आपण 'अस्सल' असा शिक्का मारतो. ढिगाऱ्यापाशी उभ्या माणसाचे वाक्य कुठे अडते, कुठे वळते, हे कोण पाहतो?

मासा फसतो, रसिक फसत नाही, असा आक्षेप येईल. मान्य. पण शंकुकाचा प्रेक्षक सौजन्याने चित्राला घोडा म्हणतो. दबा धरून बसलेल्या मरळीकडे असले सौजन्य नसते. अनुकरणावर प्रश्न काढणाऱ्या प्राध्यापकांनी पुढच्या सत्रात निदान एक काचेची टाकी वर्गात आणावी. लोहारा तालुक्यातल्यांना तीही नको. माकणीला तेरणेचे धरण आहे.